उघड्यावरच्या कोर्टासाठी पृष्ठभाग कसा निवडावा

उघड्यावरचे कोर्ट बिघडते ते बहुतेक वेळा वरच्या थरामुळे नव्हे, खाली साचलेल्या किंवा मुरलेल्या पाण्यामुळे. तरीही नवखा माणूस चौकशीला सुरुवात करतो ती रंग कोणता घ्यावा, टाइल्स बऱ्या की टर्फ (कृत्रिम गवत), इथून. हा क्रम उलटा आहे. खेळ, जागा, पाण्याचा निचरा, पाया आणि रोजची देखभाल करणारी माणसे एवढे ठरले की निम्म्याहून जास्त पर्याय आपोआप गळतात. उरलेल्या दोन-तीनांतून निवडणे मग अवघड राहत नाही. खाली त्याच क्रमाने जाऊ.

पहिली पायरी: मुख्य खेळ आणि लागणारी जागा

रेषांच्या आतले माप वेगळे आणि बांधायच्या जागेचे माप वेगळे. टेनिसचे दुहेरीचे कोर्ट २३.७७ × १०.९७ मीटर असते, पण पळायला-थांबायला जागा धरून ३६.५७ × १८.२९ मीटरचा पृष्ठभाग बांधतात. बास्केटबॉलचे २८ × १५ मीटर, चारी बाजूंना २ मीटर मोकळे सोडून ३२ × १९. व्हॉलीबॉलचे १८ × ९, भोवती किमान ३ मीटर, म्हणजे २४ × १५. पिकलबॉलचे १३.४१ × ६.१० आणि एकूण जागा निदान १८.२९ × ९.१४ मीटर. हे मोकळे पट्टे कमी करून पैसे वाचवू नका. खेळाडू वेगात असतो तो तिथेच, आणि त्याचा पाय कोर्टावरून थेट मातीवर पडला तर घोटा दुखावतो.

एकाच कोर्टावर तीन-चार खेळ बसवायचे असतील तर त्यांतला मुख्य कोणता ते आधी ठरवा. टेनिसला एकसारखा टप्पा आणि पाय थोडासा सरकू देणारी पकड लागते. बास्केटबॉलला टणक जमीन हवी, कारण चेंडू सतत आपटत न्यायचा असतो. व्हॉलीबॉलमध्ये खेळाडू उड्या मारतो आणि अंग टाकतो, त्याला टणक खरखरीत जमीन सोसत नाही. फुटबॉलला गवत किंवा टर्फ. टर्फवर बास्केटबॉल नीट उसळत नाही आणि ॲक्रिलिकवर (वाळू मिसळलेल्या रंगाच्या टणक थरावर) फुटबॉल खेळताना पडलेला माणूस सोलवटून निघतो, म्हणून या दोन खेळांची एकाच पृष्ठभागावर सोय करू पाहणाऱ्यांना आम्ही सरळ ‘नको’ म्हणतो. बॅडमिंटन उघड्यावर खेळायचे तर तिथे पृष्ठभागापेक्षा वाराच निकाल लावतो, तेव्हा न घसरणारी कोणतीही सपाट जमीन चालेल.

कोर्टाची लांबी शक्यतो उत्तर-दक्षिण ठेवा. सकाळ-संध्याकाळचे ऊन डोळ्यांवर आले तर कोणताही पृष्ठभाग ती अडचण सोडवू शकत नाही.

दुसरी पायरी: पाणी कुठून येते, कुठे जाते

मोठा पाऊस पडून गेल्यावर जागेवर जाऊन उभे राहा. पाणी कुठल्या बाजूने वाहत येते, कुठे थांबते आणि किती वेळ थांबते ते पाहा. कोर्ट भोवतालच्या जमिनीपेक्षा १० ते १५ सेंटिमीटर उंच हवे. वरच्या अंगाने पाणी येत असेल तर ते कोर्टापर्यंत पोहोचण्याआधी अडवणारा चर खणून त्यात खडी आणि भोकांचा पाइप टाकावा लागतो. ओले झाले की फुगणारी आणि सुकल्यावर भेगाळणारी चिकणमाती असेल तर ती काढून त्या जागी मुरूम किंवा खडी भरावी लागते. किती खोल काढायची हे माती तपासूनच ठरते, अंदाजाने नाही. झाडे जवळ असतील तर मुळांचा विचार आत्ताच करा. पुढे डांबर उचलून धरतात ती हीच मुळे.

आता उतार. ॲक्रिलिकसारख्या पाणी न मुरणाऱ्या पृष्ठभागाला १०० ला १ ते १२० ला १ एवढा उतार द्यायचा, तोही संपूर्ण कोर्टाला एकाच दिशेने. टेनिसचे कोर्ट आडवे, म्हणजे एका बाजूच्या रेषेकडून दुसऱ्या बाजूच्या रेषेकडे उतरवले, तर १८.२९ मीटरवर फरक पडतो साधारण १५ ते १८ सेंटिमीटर. डोळ्याला तो जाणवत नाही. नेटखाली उंचवटा ठेवून दोन्हीकडे उतार देण्याची पद्धत काही मिस्त्री सुचवतात. ती मान्य करू नका, कारण त्यात नेट आणि खेळाडूचे पाय यांच्या पातळीतला फरक जागोजागी बदलतो. बास्केटबॉलमध्येही आडव्या उताराचा फायदा असा की दोन्ही रिंगा एकाच पातळीवर येतात. लाल मातीच्या कोर्टाला मात्र उतार बराच कमी, साधारण ३०० ला १, ठेवावा. जास्त दिला तर पावसाबरोबर वरची भुकटी वाहून जाते.

तिसरी पायरी: पाया डांबराचा की काँक्रीटचा

सगळ्यात जास्त पैसा आणि लक्ष इथे जायला हवे. वरचा थर पुढे बदलता येतो, पण पाया बदलायचा तर सगळे कोर्ट फोडावे लागते.

डांबरी पायासाठी खाली १०० ते १५० मिमी दाबलेली खडी, तिच्यावर मोठ्या खडीच्या डांबराचा ४० मिमीचा थर आणि त्यावर २५ मिमी बारीक खडीचा थर, अशी साधारण रचना असते. टेनिसच्या पूर्ण आकारासाठी, म्हणजे सुमारे ६६९ चौरस मीटरसाठी, हिशोब असा: १५० मिमी खडी दाबल्यानंतर १०० घनमीटर भरते, म्हणून सैल खडी १२० ते १२५ घनमीटर मागवावी लागते. ६५ मिमी डांबर म्हणजे जवळपास १०० टन. ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात याहून बरेच कमी आकडे दिसले तर जाडी कुठे कापली ते विचारा. डांबर टाकल्यावर रंग लावण्याआधी १४ ते ३० दिवस थांबावे लागते. ताज्या डांबरातले हलके तेल उडून जायचे असते, आणि त्याआधी लावलेला रंग धरत नाही. डांबराचा गुण असा की ते थोडे लवचिक आहे आणि सांधे सोडावे लागत नाहीत. दोष हा की उन्हाने ते वर्षागणिक ठिसूळ होत जाते आणि भेगा येतातच. शिवाय कडक उन्हात ते मऊ पडते. पंचाच्या खुर्चीचे किंवा शिडीचे पाय रुतून खड्डे पडतात, म्हणून पायांखाली फळ्या ठेवाव्यात.

काँक्रीट जास्त टिकते, पण घाई आणि हलगर्जी त्याला खपत नाही. दाबलेल्या खडीवर २५० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद अंथरायचा, त्याचे जोड एकमेकांवर चढवून चिकटवायचे, आणि वर निदान १०० मिमी काँक्रीट ओतायचे. जमिनीची खात्री नसेल तर १२५ मिमी. टेनिसच्या आकाराला १०० मिमी जाडीने ६७ घनमीटर माल लागतो. सळईची जाळी स्लॅबच्या वरच्या अर्ध्यात राहिली पाहिजे, त्यासाठी खाली ठोकळे द्यावे लागतात. ‘ओतताना वर ओढून घेऊ’ असे सांगून जाळी जमिनीवर सोडली जाते, मग ती तिथेच राहते आणि तिचा काही उपयोग होत नाही. आकुंचनाचे सांधे २४ तासांच्या आत, जाडीच्या चौथ्या हिश्शाएवढे खोल कापायचे. १०० मिमी स्लॅबला ते अडीच ते तीन मीटरवर येतात. त्यांतला एक सांधा नेटच्या रेषेखाली येईल अशी आखणी केली तर खेळाला त्याचा त्रास कमी. सांधे अजिबात नको असतील तर ताणलेल्या तारांचा स्लॅब करता येतो, पण ते काम केलेला माणूसच हवा. असा स्लॅब झाल्यावर तारा कुठून गेल्या आहेत याचा नकाशा जपून ठेवा. नंतर खांबासाठी ड्रिल मारताना ताणलेली तार तुटणे धोक्याचे असते.

काँक्रीटची वरची पाठ लोखंडी थापीने घोटून आरशासारखी करू देऊ नका. मिस्त्रीच्या दृष्टीने ते चांगले काम असते, पण ॲक्रिलिकला पकडायला तिथे काहीच उरत नाही आणि वर्षा-दोन वर्षांत पोपडे सुटू लागतात. झाडूचा मध्यम खरवडा मारून घ्या. क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओले ठेवून पक्के होऊ देणे, पाणी मारूनच करा. फवारायचे क्युरिंग रसायन वापरले तर त्याची पातळ फिल्म राहते आणि रंग तिच्यावरच बसून तिच्याबरोबर निघतो. रंगाआधी २८ दिवस पूर्ण होऊ द्या.

पायाची सपाटी तपासायला ३ मीटरची सरळ पट्टी पुरते. ती कुठेही, कोणत्याही दिशेने ठेवली तरी काँक्रीटवर ३ मिमी आणि डांबरावर ६ मिमीपेक्षा जास्त फट दिसू नये. त्यानंतर पूर्ण कोर्टावर पाणी सोडा, थांबवा, आणि साधारण २० अंशांच्या उबदार हवेत तासभर वाट पाहा. जिथे डबके उरते तिथे एक नाणे आडवे टाका. पाण्याने नाणे झाकले तर ती जागा खडूने आखून भरून घ्यायची. हे काम रंगाआधीच करायचे. रंगाचे हात खड्डा भरत नाहीत, फक्त झाकतात, आणि डबक्याच्या जागी आधी डाग पडतो, मग थर सुटतो.

चौथी पायरी: वरचा थर

*ॲक्रिलिक.* टेनिस, बास्केटबॉल, पिकलबॉल यांसाठी सगळ्यात जास्त वापरला जाणारा आणि नवख्यांना आम्ही सहसा सुचवतो तो पर्याय. सगळे थर मिळून जाडी जेमतेम १ ते २ मिमी. क्रम असा: कोर्ट धुऊन पूर्ण सुकवणे, खड्डे आणि भेगा भरणे, काँक्रीट असेल तर ॲसिडने किंवा घासून पाठ खरखरीत करून प्रायमर, मग वाळू मिसळलेल्या फिलरचे एक-दोन हात, त्यावर वाळू मिसळलेल्या रंगाचे दोन हात आणि शेवटी ५ सेंटिमीटर रुंदीच्या रेषा. प्रत्येक हाताला पाणी न घातलेला माल चौरस मीटरला साधारण पाव लिटर धरा. टेनिसच्या आकाराला एका हाताचे १६५-१७० लिटर होतात. डबे मोजून घेतले तर दोन हात दिले की एकाच हातावर पाणी वाढवून उरकले, ते कळते.

रंगात वाळू किती आणि किती बारीक, यावर खेळाचा वेग ठरतो. वाळू जास्त आणि जाड असेल तर चेंडू अडतो, वेग कमी होतो, बुटांचे तळवे लवकर झिजतात. कमी असेल तर वेग वाढतो आणि ओल्यात घसरण्याचा धोकाही. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ पृष्ठभागांची वर्गवारी संथपासून वेगवानपर्यंत पाच गटांत करतो, त्यांतला मध्यम गट शिकणाऱ्यांना आणि क्लबच्या खेळाला सोयीचा. माल घेताना तो कोणत्या गटात बसतो ते विचारून घ्या. लावताना लक्ष ठेवण्याची गोष्ट म्हणजे वाळू तळाला बसते. पिंप सतत ढवळले नाही तर सुरुवातीचे अर्धे कोर्ट गुळगुळीत आणि शेवटचे खरखरीत होते. हा दोष वर दिसत नाही, चेंडू पडल्यावर कळतो. हवा १० अंशांच्या वर आणि पुढे तापत जाणारी असावी, पाऊस किंवा दव पडण्याची शक्यता नसावी. रेषा मारताना चिकटपट्टी लावल्यावर तिच्या कडेवरून आधी पातळ पारदर्शक हात फिरवतात, म्हणजे पांढरा रंग पट्टीखाली शिरत नाही आणि कड सरळ येते.

काँक्रीट जुने असेल तर त्यात ओल आहे का ते आधी पाहा. ४५ सेंटिमीटर चौरसाचा पारदर्शक प्लॅस्टिक कागद चारी बाजूंनी टेपने चिकटवून किमान १६ तास ठेवा. खाली थेंब धरले किंवा काँक्रीट काळवंडले तर ॲक्रिलिक लावू नका. ती वाफ वर येणारच, आणि रंगाला फुगे येणार. अशा पायावर टाइल्सचा विचार करा.

रस्त्याचा रंग, इनॅमल किंवा एपॉक्सी ‘स्वस्तात तेच काम’ म्हणून कोणी सुचवेल. ओले झाल्यावर हे रंग निसरडे होतात, आणि एपॉक्सी उन्हाने खडूसारखा भुकटतो.

*गादीचे ॲक्रिलिक.* फिलर आणि रंग यांच्या मध्ये रबराच्या कणांचे काही थर दिले की गुडघ्यांना आराम पडतो. खर्च आणि लावण्याचे दिवस, दोन्ही वाढतात. मऊपणा जितका जास्त तितके चांगले, असे समजू नका. ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये १९८८ ते २००७ रिबाउंड एस हा रबर असलेला पृष्ठभाग होता. तो कडक उन्हात चिकट होतो आणि पाय अडकतो, अशी खेळाडूंची तक्रार असे. २००८ मध्ये तिथे प्लेक्सिकुशन आले आणि २०२० पासून ग्रीनसेट. उष्ण जागी पातळ गादी आणि फिका रंग निवडावा.

*प्लॅस्टिकच्या टाइल्स.* साधारण २५ ते ३० सेंटिमीटर चौरसाच्या, एकमेकांत अडकणाऱ्या जाळीदार टाइल्स. भेगा पडलेल्या जुन्या काँक्रीटवर, लवकर खेळ सुरू करायचा असेल तिथे आणि बास्केटबॉलसारख्या खेळांना या उत्तम. पाणी जाळीतून खाली जाते, त्यामुळे पाऊस थांबल्यावर लवकर खेळता येते. पण खालच्या पायाला उतार हवाच, नाहीतर पाणी टाइल्सखाली साचून राहते. भेगा त्यांच्याखाली झाकल्या जातात, पण भेगेच्या दोन्ही कडांची उंची वेगळी असेल तर तिथे टाइल डुगडुगते. ती कड आधी घासून सपाट करा.

नवख्यांची नेहमीची चूक कडेला होते. या टाइल्सचे प्लॅस्टिक, पॉलिप्रॉपिलीन, तापल्यावर बरेच प्रसरण पावते. ३० मीटर लांबीला ४० अंशांच्या फरकाने दहा सेंटिमीटरच्या वर वाढ होऊ शकते. त्यातला बराच भाग टाइल्सच्या सांध्यांतली मोकळीक सामावून घेते, बाकीच्यासाठी कुंपण, भिंत आणि खांब यांच्यापाशी कंपनीने सांगितलेली फट सोडावीच लागते. थंड सकाळी टाइल्स भिंतीला टेकवून घट्ट बसवल्या की दुपारी मधोमध फुगवटा उभा राहतो. चारी बाजूंनी खिळे मारणेही तितकेच वाईट. टेनिससाठी टाइल्सवरचा टप्पा पोकळ लागतो, आवाजही जास्त होतो. वर्षातून एकदा पट्टे उचलून खालची माती धुवावी लागते.

*वाळू भरलेले टर्फ.* टेनिस आणि मिश्र वापरासाठी १५ ते २० मिमी उंचीचे पाते, फुटबॉलसाठी ४० ते ६० मिमी. खाली पाणी मुरणारा पाया, म्हणजे खडी किंवा सच्छिद्र डांबर हवे. बंद काँक्रीटवर टर्फ अंथरले तर वाळू अनेक दिवस ओली राहते आणि शेवाळ धरते. सगळ्या पट्ट्यांच्या पात्यांची दिशा एकच असावी, नाहीतर रंगाचे पट्टे दिसतात. वाळू धुतलेली, सुकवलेली, गोल दाण्याची सिलिका असावी आणि ती पूर्ण कोरड्या टर्फवर पातळ थरांत टाकून ब्रशने खाली उतरवावी. टोकदार कणांची वाळू पाती कापते. दर आठवड्याला ब्रश फिरवणारा माणूस नसेल तर हा पर्याय सोडा, कारण वाळू कोपऱ्यांत सरकते, मधली पाती झोपतात आणि मग जोड उघडे पडतात. उन्हात टर्फ खऱ्या गवतापेक्षा खूप जास्त तापते, हेही लक्षात असू द्या.

*ओतीव रबर.* खाली काळ्या रबराच्या दाण्यांचा थर, वर ईपीडीएम या रंगीत कृत्रिम रबराचा, दोन्ही पॉलियुरेथेन या चिकट बाइंडरने बांधलेले. मुलांचे कोर्ट आणि व्हॉलीबॉल यांना योग्य. बाइंडर कमी पडला की दाणे सुटतात. ताबा घेताना बुटाची टाच जोराने फिरवून पाहा, मूठभर दाणे हाती आले तर काम नाकारा.

*लाल माती.* पायांना सगळ्यात सुखद आणि हातांना सगळ्यात जास्त काम देणारी. फ्रेंच ओपन जिथे होते त्या रोलाँ गॅरोसच्या कोर्टावर विटांची भुकटी फक्त १ ते २ मिमी असते, तिच्याखाली ६-७ सेंटिमीटर कुटलेला चुनखडक, कोळशाची राख-खंगर, खडी असे थर असतात. खरे काम हे खालचे थर करतात, पाणी धरून ठेवायचे आणि जास्तीचे सोडायचे. रोज पाणी, रोज जाळी ओढणे, वरचेवर रोलर. दोन आठवडे दुर्लक्ष झाले की माती एकतर उडते किंवा दगडासारखी होते.

*गवत.* विम्बल्डनला ८ मिमी उंचीचे राय गवत वर्षभर राबणारी माणसे सांभाळतात. पहिले कोर्ट बांधणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

पाचवी पायरी: निवड

रोज माणूस मिळणार नसेल तर माती गेली. आठवड्याला मिळणार नसेल तर टर्फ गेले. पाया जुना, भेगाळलेला किंवा ओल धरणारा असेल तर ॲक्रिलिक गेले, टाइल्स राहिल्या. पाया नवा आणि सपाट असेल, खेळ टेनिस किंवा बास्केटबॉल असेल, तर साधे ॲक्रिलिक घ्या. खेळणारे बहुतेक वयस्क असतील किंवा रोज तासन्‌तास सराव असेल तर गादीचे. पैसे अपुरे असतील तर वरचा थर पुढे ढकला, पाया नको. नीट उताराच्या, झाडू मारलेल्या काँक्रीटवर नुसत्या रेषा आखून वर्षभर खेळता येते. तेवढ्यात डबकी आणि भेगाही कळतात आणि ॲक्रिलिक त्या दुरुस्त करूनच लागते.

सहावी पायरी: करार आणि ताबा

करारात ‘उत्तम दर्जाचे काम’ असे लिहून काही साधत नाही. प्रत्येक थराची दाबल्यानंतरची जाडी, उताराचे प्रमाण आणि दिशा, पट्टीखालची कमाल फट, पाणी सोडून करायची चाचणी, रंगाचे किती हात आणि प्रत्येकाला किती लिटर, रंगाआधी किती दिवस थांबायचे, हे आकड्यांत लिहा. नेटचे आणि रिंगांचे खांब, कुंपणाचे पाये आणि दिव्यांचे पाइप पृष्ठभागाच्या आधी बसलेले हवेत. नंतर फोडून बसवलेल्या खांबाभोवती पहिली भेग येते. हप्त्यांतला एक हप्ता पायाच्या पाणी-चाचणीनंतर आणि शेवटचा कोर्टाने एक पूर्ण पावसाळा काढल्यानंतर द्यायचा, असे ठरवून घ्या.

ताबा घेताना त्याच रंगाच्या मालाचे दोन सीलबंद डबे किंवा एकूण टाइल्सच्या साधारण ५ टक्के जादा टाइल्स मागून घ्या. पुढच्या वर्षी तीच छटा मिळेलच असे नसते, आणि ठिगळ लांबून दिसते. ॲक्रिलिक असेल तर पाने-धूळ झाडून, कोर्ट अधूनमधून मऊ ब्रशने आणि कमी दाबाच्या पाण्याने धुवा. जोराच्या फवाऱ्याने वाळू सुटते. केसाएवढ्या भेगा दिसल्या की पाणी आत जाण्याआधी भरून घ्या, आणि वाळू झिजून पाय सरकू लागला की रंगाचा नवा हात द्या. वापरानुसार ही वेळ साधारण चार ते आठ वर्षांनी येते.